बसऱ्याहून न आलेलं दुखणं

उंब्रजचे नाथाजी हवालदार पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला जाऊन आले होते. परत आल्यावर पेन्शन, चार एकर ऊस आणि गावात मान, असं त्यांचं बरं चाललं होतं. पारावर बसले की ते तिथल्या उन्हाच्या, खजुराच्या, नदीतल्या बोटींच्या गोष्टी सांगत. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सतरा साली तिथल्या एका बदनाम गल्लीत ते दोनदा गेले होते. पुढं अंगावर फोड उठला, पलटणीच्या डॉक्टरनं गरमी, म्हणजे उपदंश, म्हणून सुया टोचल्या आणि फोड बसला. घरी आल्यावर दोन वर्षांनी बनुबाईला पहिलं मूल झालं, ते मेलेलंच जन्मलं. त्या दिवसापासून नाथाजींच्या मनानं घेतलं, की हे आपणच बाहेरून आणलं.

मग अडतीस साली बनुबाईला खाज सुटली. जागा अशी, की सांगायची चोरी. आधी तिनं कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतलं, खोबरेल लावलं. महिने गेले तरी थांबेना, तेव्हा एकदा चुलीपुढं मान खाली घालून ती म्हणाली, "आवं, खाली कातडं लाल झालंय. आग हुतीया. कुणाला तरी ईचारा."

नाथाजींना बसरा आठवला. ते वैद्याकडं गेले खरे, पण तिथं सांगितलं, "मालकिणीच्या मांडीवर खरूज हाय." वैद्यानं गंधकाचं मलम दिलं. ते संपलं की दुसरं आणायचं, दुसरं संपलं की तिसरं. कराडला सरकारी दवाखाना होता, पण डॉक्टर बघणार, रोगाचं नाव सांगणार आणि बायकोपुढं आपलं तोंड काळं होणार, या भीतीनं त्यांनी तिला तिकडं नेलंच नाही. अशी सात वर्षं गेली. शेतात तण काढायला, भांगलणीला, उकिडवं बसणं बनुबाईनं सोडलं, जात्यावर बसणंही सोडलं. लुगडं ती वेगळं धुवायला लागली.

ते लुगडं एक दिवस नाथाजींच्या विधवा बहिणीच्या, धोंडुबाईच्या नजरेला पडलं. त्यावर रक्ताचे डाग होते आणि बनुबाईचं न्हाणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. धोंडुबाई भावासमोर येऊन उभी राहिली. "दादा, सांगलीला बाई डाक्टर हाय. उद्याच्या गाडीनं चला. तू येत नसशील तर मी एकली नेते."

दुसऱ्या दिवशी तिघांनी मसूरला गाडी धरली.

सांगलीच्या त्या दवाखान्यात डॉक्टर पद्माबाई होत्या. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. पडद्याआड त्यांनी बनुबाईला बराच वेळ तपासलं. मायांगाच्या उजव्या कडेला तळहाताएवढा लाल, ओलसर चट्टा होता. त्यावर मधेमधे पांढरे पापुद्रे होते आणि कडा नकाशातल्या हद्दीसारखी वेडीवाकडी, पण ठळक होती. हात धुऊन त्या बाहेर आल्या आणि नाथाजींना बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या.

"तुम्हाला कधी गरमीचा आजार झाला होता का? लपवू नका. मला औषध ठरवायचंय."

साहेबापुढं उभं राहावं तसे नाथाजी ताठ उभे राहिले आणि अठ्ठावीस वर्षांत न उच्चारलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं. पद्माबाईंनी भुवईसुद्धा न हलवता ते लिहून घेतलं.

"दोघांचंही रक्त तपासू," त्या म्हणाल्या. "पण मला हे गरमीचं वाटत नाही, आणि खरूजही नाही. खरूज सात वर्षं एकाच जागी राहत नाही. असा चट्टा मी बाईच्या स्तनाच्या बोंडावर पाहिलाय. या जागी झालेला मात्र फक्त पुस्तकात वाचलाय. कातडीचा तुकडा काढून मुंबईला पाठवते."

जागा बधिर करून त्यांनी हरभऱ्याएवढा तुकडा काढला. तिघं उंब्रजला परतली. महिनाभरानं पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच होतं : 'दोघंही या.'

"रक्त दोघांचंही स्वच्छ आहे," पद्माबाईंनी आधी तेच सांगितलं. "तुमच्याकडून बाईंना काही आलेलं नाही. हा कातडीचा कॅन्सर आहे. फार क्वचित होतो. तो कुणाकडून कुणाला लागत नाही."

नाथाजींनी विचारलं, "आन् आमचं पयलं प्वार गेलं, ते?"

"ते मला आज सांगता येणार नाही, हवालदार."

मग पद्माबाई पुढं बोलल्या. "हा रोग सावकाश पसरतो. अजून खोल गेलेला दिसत नाही, म्हणून कापून काढता येईल. पहिल्या दोन वर्षांत आणलं असतंत, तर रुपयाएवढी कातडी काढून भागलं असतं. आता बरीच काढावी लागेल."

अठ्ठावीस वर्षांचं एक ओझं उतरलं आणि त्याच खोलीत सात वर्षांचं दुसरं अंगावर पडलं. पहिलं ओझं निदान परमुलखातलं तरी होतं. हे दुसरं घरातलं होतं, रोज चुलीपुढं बसून वाढवलेलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी धोंडुबाई नळावर गेलेली असताना नाथाजी खाटेपाशी बसले. बसऱ्याचं सांगितलं, सुयांचं सांगितलं, वैद्याला मांडी म्हणून सांगितलेलंही सांगितलं. बनुबाई छताकडं बघत ऐकत होती.

"बसऱ्याचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तवा तुमी पोरसवदा हुतासा. पर मी तुमाला ईचारलं, त्याला सात वरसं झाली. मी रोज जळत हुते आन् तुमी बघत हुतासा."

धोंडुबाई नळावरून परत येईपर्यंत नाथाजी खाटेपाशीच बसून होते.

दुसऱ्या दिवशी गुंगी देऊन चट्टा भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढला. जखम भरायला दीड महिना लागला. रोज मिठाच्या कोमट पाण्यात बसायचं, रोज पट्टी बदलायची. पाणी तापवून आणायचं काम नाथाजींनी बहिणीला करू दिलं नाही. बनुबाई त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. अकराव्या दिवशी नाथाजी पाण्याची बादली खाली ठेवत असताना तिनं विचारलं, "बसऱ्यातली ती बाई, तिचं नाव काय हुतं?"

"ठावं न्हाई."

"तिला कुणी सुया टोचल्या का?"

"ते बी ठावं न्हाई."

बनुबाईनं लुगडं सावरलं. मग "पानी निवंल, घ्या हिकडं," म्हणाली.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी दोघं सांगलीला तपासायला जात. पारावर नाथाजी आता कमी बोलत. कुणाच्या घरात बाईमाणूस दुखण्यात आहे असं कानावर आलं, तर मात्र त्या घरधन्याला बाजूला घेऊन बसत. काय सांगत, ते त्यांनाच ठाऊक.

एकोणपन्नासच्या माघात जुन्या व्रणाच्या कडेला चिंचोक्याएवढा लाल डाग उठला. बनुबाईला तो सकाळी हाताला लागला. नाथाजी न्याहारीला बसत होते. तिनं सरळ सांगितलं, "पुन्यांदा आलंय." ते ताटावरून उठले, हात धुतला आणि टांगा सांगायला गेले. संध्याकाळी दोघं सांगलीत होती. या खेपेला नाण्याएवढीच कातडी काढावी लागली आणि बनुबाई बाराव्या दिवशी आपल्या पायांनी चालत स्टेशनावर आली.