पाचातला एक

ताईंचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत, आणि शिकून बाहेर पडलेले, चार दिशांना पांगलेले विद्यार्थीसुद्धा. बिझनेस स्कूलच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. पलीकडे मशीन सुरू झालं की इकडे टेबल थरथरायचं. टेबलावर फोन, फोनवर बोलताना कानाला लावायचा हेडफोन, खोकल्याच्या गोळ्यांची बरणी आणि लाल पुठ्ठ्याची जाड वही. माजी विद्यार्थ्यांना फोन करणं, हे त्यांचं काम.

तेविसाव्या वर्षी त्या इथे प्रवेशाच्या खिडकीवर टायपिस्ट म्हणून लागल्या. तेव्हा शाळेला नंबर वगैरे काही नव्हता. मग एक संचालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, जगातल्या शाळांची यादी निघते, तीत आपलं नाव हवं. माणसांशी बोलायला ताई बऱ्या, म्हणून फोन त्यांच्या गळ्यात पडला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. त्या सत्तावन्न वर्षांच्या झाल्या होत्या आणि घसा कायमचा बसला होता. घरी गेल्यावर तासभर तरी त्या कुणाशी बोलत नसत. नवरा बस चालवून निवृत्त झालेला, समजूतदार माणूस. चहाचा कप पुढे ठेवायचा आणि खिडकीपाशी जाऊन बसायचा.

त्या वर्षी मात्र त्याने एकदा विचारलंच. ताई सलग तिसऱ्या दिवशी न जेवता आडव्या झाल्या होत्या.

"अगं, हा नंबर काढतं तरी कोण?"

"बाहेरदेशचं एक वर्तमानपत्र."

"येऊन बघून जातात का?"

"कोण येतंय! शाळेने एक भलामोठा तक्ता भरून पाठवायचा. शिक्षक किती, त्यांत बायका किती, परदेशातले किती, कुणाचं संशोधन कुठल्या मासिकात छापून आलं. आणि दुसरा फॉर्म मुलांचा. तीन वर्षांपूर्वी जे पास झाले त्यांनी भरायचा. आधी पगार किती होता, आता किती आहे. सगळ्यात जास्त वजन त्या पगाराला. त्यातही जिथे स्वस्ताई आहे तिथला पगार वाढवून धरतात."

"आणि शिकवतात कसं, ते?"

"वर्गात येऊन कोण बसणार? तुमचं समाधान झालं का, एवढं विचारतात."

नवरा म्हणाला, "म्हणजे गाडी कशी चालवली ते नाही बघायचं. प्रवासी उतरून कुठे पोचले ते बघायचं."

"सगळे प्रवासी पण नाहीत," ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "पाचातल्या एकाने तरी फॉर्म भरायला हवा. तेवढे भरले नाहीत तर शाळाच यादीबाहेर. आमचे एकशे चाळीस आहेत. अठ्ठावीस लागतात. पंचवीस आलेत."

"मग तीन तर राहिले."

"तीनच," ताई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

तीन फॉर्म म्हणजे काय, हे त्याला कसं सांगायचं? दोनशे फोन. निम्मे लागत नाहीत, उरलेल्यांतले निम्मे मीटिंगमध्ये असतात. जे उचलतात त्यांना आधी फॉर्मचं बोलून चालत नाही. बाळ कसं आहे, आईचं ऑपरेशन झालं का, नवं घर लागलं का, हे सगळं वहीत लिहून ठेवलेलं असायचं आणि तिथूनच सुरुवात करावी लागायची. पहिली काही वर्षं ताई ते मनापासून विचारत. अलीकडे विचारताना त्यांची नजर घड्याळावर असे, आणि त्याचीच त्यांना लाज वाटे.

त्या वर्षी आणखी एक भर पडली होती. नव्या संचालकांनी एक सल्लागार नेमला होता. त्याने एकशे चाळीस नावांची यादी रंगवून आणली. ज्यांची नोकरी भारी ती नावं हिरवी, बाकीची लाल. फॉर्म परस्पर वर्तमानपत्राकडे जातो, कुणी काय लिहिलं ते शाळेला कळत नाही, फक्त आकडा कळतो. त्यामुळे हे रंग त्याने इंटरनेटवर बघून, अंदाजाने दिले होते.

"ताई, फोन हिरव्यांनाच करायचे," तो म्हणाला.

"आणि लाल?"

"त्यांना कशाला त्रास द्यायचा?"

संचालक पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. ताईंनीही वाद घातला नाही. पूर्वी घातला असता. फोन निम्म्याने कमी होणार, एवढाच विचार त्या वेळी मनात आला.

हिरव्यांमधून दोन फॉर्म आले. एकाने तर ताईंना चार वेळा उद्यावर टाकून पाचव्यांदा विमानतळावरून भरला. सत्तावीस झाले. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. गुरुवारी सकाळी उरलेले सगळे हिरवे फोन करून संपले होते आणि ताई नुसत्या बसून होत्या. तेवढ्यात फोनच वाजला.

"ताई, मी शंकासुर."

ताईंना हसू आलं. वर्गात प्रत्येक तासाला हात वर करून शंका विचारणारा म्हणून शिक्षकांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं. तो मोठ्या कंपनीत लागला, दीड वर्षात कंपनीने ती शाखाच बंद केली, आणि तो बापाच्या टायरच्या दुकानात येऊन बसला, हे सगळं वहीत होतं.

"कसा आहेस रे? बाबा काय म्हणतात?"

"बाबा आता घरी असतात. गुडघे गेले. ताई, आमच्या ग्रुपवर सगळे लिहितायत, ताईंचा फोन आला, ताईंचा फोन आला. मला नाही आला."

"तुझं नाव यादीत खाली होतं," ताई म्हणाल्या. अकरा वर्षांत फोनवर बोललेलं बहुधा हे पहिलंच खोटं.

पलीकडे हातोड्याचे ठोके ऐकू येत होते. ते थांबले.

"एक शंका विचारू? ज्यांचं बरं चाललंय त्यांनाच फोन गेलेत. मी भरला तर शाळेचा आकडा खाली येणार, म्हणून मला वगळलं. बरोबर ना?"

ताईंनी बरणीतली गोळी काढली, तोंडात न टाकता हातातच धरली.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

"आणि मी नाही भरला तर?"

"तर कदाचित आकडाच राहणार नाही. एकच कमी पडतोय."

तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, ते ताईंना जास्त लागलं. "म्हणजे मी नको आहे, पण माझ्याशिवाय भागतही नाही. दुकानातल्या जुन्या पान्यासारखं झालं हे."

"भरणार आहेस का?"

"लिंकच नाही आली. जुन्या कंपनीच्या ईमेलवर गेली असेल. तो बंद झाला."

लिंक नव्या पत्त्यावर मागवायची तर शाळेतून कुणीतरी वर्तमानपत्राला लिहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे ताईच. लाल यादी समोरच पडली होती. ताईंनी त्याचा नवा पत्ता लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला आणि त्याच्यासमोरच, म्हणजे फोन चालू असतानाच, ईमेल पाठवून दिला.

"जे आहे तेच लिही," त्या म्हणाल्या. "वाढवून लिहू नकोस."

"ताई, टायरवाल्याने काय वाढवून लिहायचं?"

शुक्रवारी तीनच्या सुमाराला आकडा अठ्ठावीस झाला. सोमवारी सल्लागाराने विचारलं, "हा शेवटचा कोण?" ताई म्हणाल्या, "मी फोन केला नव्हता. त्यानेच केला." संचालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय तिथेच मिटला.

चार महिन्यांनी यादी आली. शाळा सहा जागांनी वर चढली होती. वरच्या मजल्यावर केक कापला, सल्लागाराचा करार दोन वर्षांनी वाढला, संचालकांच्या भाषणात ताईंचं नाव आलं तेव्हा टाळ्याही पडल्या. ताई केकची बशी घेऊन खाली आल्या आणि यादी उघडून बसल्या. इतक्या वर्षांत रकाने वाचायला त्या शिकल्या होत्या. पगाराचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा खाली आला होता. संशोधनाचा होता तिथेच होता. पण शाळेच्या वर असलेल्या सहा शाळा या वर्षी यादीतच नव्हत्या. तळटीप होती: पुरेसे फॉर्म आले नाहीत.

त्यातली एक शाळा आपल्याच देशातली, दुसऱ्या शहरातली. ताईंनी तिच्या माजी विद्यार्थी विभागाचा नंबर शोधला आणि का ते न ठरवताच फिरवला. एका वयस्कर माणसाने उचलला. ताईंनी आपण कुठून बोलतोय ते सांगितलं. तो जरा सावध झाला.

"बोला, काय काम होतं?"

"काम नाही. यादी पाहिली. तुमचे किती कमी पडले?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दोन. एकवीस लागत होते, एकोणीस आले. मी महिनाभर आजारी होतो. बदली माणूस दिला नाही त्यांनी. आता सगळं खापर माझ्याच डोक्यावर फोडतायत." थांबून त्याने विचारलं, "तुमचे किती आले?"

"लागत होते तेवढेच."

"एकही जास्त नाही?"

"एकही नाही."

मग तो म्हणाला, त्यांच्याकडे मुलं दुपारी फोन उचलत नाहीत, जेवणाच्या आधी करावा लागतो. ताई म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच. घशाला काय घेता, असं त्याने विचारलं. ताईंनी सांगितलं. दहा मिनिटं ते असं बोलले. अकरा वर्षांत ताईंनी फोनवरून कुणाकडे काही न मागता केलेलं हे पहिलंच बोलणं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालकांकडे अर्ज दिला, निवृत्तीला वर्ष आहे, तेवढं परीक्षा विभागात काढू द्या.

"अहो ताई, आपण वर चढलो आणि आत्ता?" संचालक म्हणाले. "तुमच्यासारखं मुलांशी कोण बोलणार?"

"मी कशी बोलते, ते मलाच ठाऊक आहे, साहेब."

अर्ज दोन महिने पडून राहिला, मग मंजूर झाला. ताईंच्या जागी आलेल्या बाई तरुण होत्या, आवाज खणखणीत होता. ताईंनी लाल वही त्यांच्या हवाली केली, कोण कुठल्या वेळी उचलतं ते सांगितलं आणि जिना चढून परीक्षा विभागात गेल्या. तिथे गुणपत्रिकांवर शिक्के मारायचे असत. दिवसभर कुणी बोलत नसे.