झुंबरतात्यांनी बत्ताशा भादरला

झुंबरतात्या आमच्या घरी पहिल्यांदा आले ते आमचा कुत्रा घराबाहेर काढायच्या आदल्या दिवशी. त्यांना ते माहीत नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती म्हणून.

कुत्र्याचं नाव बत्ताशा. पांढरा, झुबकेदार, पाच वर्षांचा पॉमेरेनियन. गेल्या सहा महिन्यांत त्याचा स्वभाव पार फिरला होता. मानेकडे हात नेला की दात दाखवायचा, कंगवा दिसला की पलंगाखाली. अंगभर केसांच्या जटा झाल्या होत्या. त्यात त्या आठवड्यात माझ्या मुलीनं, निकितानं, लाडानं त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि त्यानं तिचा हात फोडला. तिची इंजेक्शनं सुरू झाली आणि आमच्या ह्यांनी जाहीर करून टाकलं की रविवारी बत्ताशा लोणी भापकरला, मित्राच्या शेतावर जाणार. तिथं म्हणजे गोठ्याचा खांब आणि साखळी. तो रोज माझ्या सासूबाईंच्या, कुशाबाईंच्या पायाशी झोपतो. पण नातीच्या हातावरची पट्टी बघून त्याही त्याची बाजू घेईनात. दोन दिवस ताटातलं अन्न चिवडत बसल्या, एवढंच.

निदान स्वच्छ करून तरी पाठवू, म्हणून मी तात्यांना फोन केला.

तात्या निरवांगीचे, साठी ओलांडलेले. त्यांचा उभा जन्म म्हशी भादरण्यात गेला. म्हैस बाजाराला न्यायची असली की आधी तात्यांना निरोप. वस्तऱ्यानं सगळं अंग तासून, वर तेल चोळून अशी चकाचक करून द्यायचे की मालकालाच ओळखू येऊ नये. पुढे घरोघरी जर्सी गाई आल्या आणि तात्यांचा वस्तरा खुंटीला लागला. तेव्हा त्यांच्या सुनेनं, सोनमनं, मोबाईलवर व्हिडिओ दाखवून त्यांना कुत्र्यांचं काम शिकवलं, केस कापायचं मशीन मागवून दिलं आणि त्यांच्या पिशवीवर ‘पेट ग्रूमिंग’ असं छापूनही घेतलं. तात्यांना त्याचं काही कौतुक नाही. कुणी विचारलं तर सांगतात, ‘‘कुत्री-मांजरं भादरतो.’’ बारामतीत एमआयडीसीच्या मागच्या कॉलन्यांमध्ये आता त्यांच्यावाचून पान हलत नाही. आमच्या शेजारची लांब केसांची मांजर घरच्यांना ओरबाडते आणि तात्यांपुढे मात्र आंघोळीला शहाण्यासारखी बसते. हे बघून माझा जळफळाट झालेला आहे.

आले ते बाहेरच्या खोलीत फरशीवर बत्ताशाकडे पाठ करून बसले. चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलले, पिशवी उघडेचनात. अर्धा तास झाला तसा माझा संयम संपला.

‘‘तात्या, सुरू करायचं ना?’’

‘‘आदी त्याला माजा वास घेऊ दे की. माणसं सोयरीक बगायला गेली तरी इतका येळ बसत्यात.’’

बत्ताशा पलंगाखालून आला, त्यांची पाठ हुंगली, आणि नालायक त्यांच्या मांडीला टेकून बसला. मी फोनवर वाचून ठेवलं होतं की या जातीच्या कुत्र्याचे केस मुळापासून काढू नयेत, आणि तसं बजावलंही होतं. मी पाणी तापवायला आत गेले. बाहेर येते तर पाठीवरून मशीन फिरलेलं, गुलाबी कातडं उघडं, आणि शेपटीला तेवढा गोंडा राखलेला, अगदी म्हशीला राखतात तसा. मी तात्यांना नको नको ते बोलले. म्हातारी माणसं ऐकत नाहीत, सगळ्यांना म्हशी समजतात, असलं काहीबाही.

तात्यांनी मशीन बंद केलं. ‘‘जटा कंगव्यानं निघत न्हाईत, ताई. वडलं तर कातडं फाटतं. क्यास परत येत्याल.’’

मग ते मानेकडे वळले. बत्ताशा गुरगुरला. तात्यांनी हात मागे घेतला, थांबले, पुन्हा नेला. असं किती वेळा झालं कोण जाणे. छोट्या कात्रीनं एकेक बट कापत होते आणि हळू आवाजात त्याच्याशी बोलत होते. एकदम कात्री थांबली.

‘‘ताई, हितं या. आवाज करू नगा.’’

गळ्याभोवती काळा दोरा होता. नायलॉनचा, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो. लहानपणी बांधलेला. सायभात खाऊन बत्ताशा गोल झाला आणि दोरा मांसात रुतत गेला. वर कातडी धरलेली, खाली पू. पट्टा त्याला आम्ही छातीला घालायचो, त्यामुळे केसांच्या आत कुणाचं लक्षच गेलं नाही. सहा महिने ते मुकं जनावर दुखतंय म्हणून सांगत होतं आणि आम्ही त्याला चावरा ठरवलं होतं.

‘‘कुनी बांदला?’’ तात्यांनी विचारलं.

मी नुसतं देवघराकडे बघितलं. कुशाबाई सकाळपासून आत दार लोटून बसल्या होत्या. बत्ताशाची जायची तयारी त्यांना बघवत नव्हती.

तात्यांनी पात्याच्या टोकानं दोरा तोडला, अलगद ओढून काढला आणि खिशात टाकला. ‘‘जखमंला मी हात लावणार न्हाय. डाक्टरला बोलवा.’’ मी आधी डॉक्टरांना फोन केला आणि मग ह्यांना. कुत्रा लोणी भापकरला जाणार नाही, हे मी एका दमात सांगितलं आणि त्यांचं उत्तर न ऐकता फोन ठेवला. मग तात्यांची माफी मागितली. ते म्हणाले, ‘‘म्हशीवाला हायच की मी. खोटं काय बोलला तुमी?’’

तेवढ्यात कुशाबाई बाहेर आल्या. गोंडा राखलेलं ते उघडंवाघडं ध्यान आणि त्याची मान बघून उभ्याच राहिल्या.

‘‘आक्का, मोठी गोचीड रुतली व्हती,’’ तात्या घाईनं म्हणाले. ‘‘म्हनून चावत व्हता. काडली. आता बरा व्हतोय.’’

‘‘गोचीड,’’ कुशाबाई म्हणाल्या. बत्ताशाच्या कपाळावरून हात फिरवला आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात काळ्या दोऱ्याचं रीळ होतं. ‘आत्या, नका’ म्हणून ओरडणारच होते मी.

पण त्या तात्यांपुढे बसल्या. ‘‘झुंबर, हात कर. जनावराला हात लावतूस, तुज्या हाताला कुनाची दिष्ट लागाय नगं.’’

तात्यांनी मनगट पुढे केलं. कुशाबाईंनी दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि त्याखाली बोट घालून गोल फिरवलं. गाठ सोडली. आणखी सैल बांधली.

‘‘रुतत न्हाय न्हवं?’’

‘‘न्हाय, आक्का,’’ तात्या खाली बघत म्हणाले.

तरी त्यांनी पुन्हा एकदा बोट घालून बघितलं.