सुप्रभाचं बोरन्हाण

माझी ईशानी पेपरात झळकली ती पंथाच्या तावडीत सापडलेलं मूल म्हणून! अंगात काळा फ्रॉक, गळ्यात हलव्याचे दागिने, डोक्यावरून कुरमुरे आणि द्राक्षं ओतली जाताहेत, आणि वर मथळा: ‘चिमुकल्यांची गुप्त दीक्षा’. अहो, संक्रांतीनंतरचं बोरन्हाण ते! संक्रांतीला काळं नाही घालायचं तर कधी घालायचं? त्या आठवड्यात अख्ख्या ईलिंग रोडला बोरं मिळाली नाहीत, म्हणून द्राक्षं.

फोटोतले ओतणारे हात सुप्रभाचे. ती माझी लंडनच्या वेम्बलीतली शेजारीण, मूळची धुळ्याची, घरी पाच मुलं सांभाळणारी रजिस्टर्ड चाइल्डमाइंडर. तोंडानं फटकळ, पण मुलं तिला सोडून घरी जायला तयार नसायची. तीन वर्षं ती आत्मनिर्झर परिवाराच्या सत्संगाला जायची, म्हणून त्यांचा हॉल आम्हाला मिळाला. २००६च्या त्या जानेवारीत पेपरवाले परिवाराच्या हात धुऊन मागे लागले होते. कुणीतरी खिडकीतून फोटो काढला.

दोन दिवसांत तिघी आयांनी आपापली मुलं तिच्याकडून काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी परिवाराचे प्रमुख ज्ञानेश्वरराव पेढे घेऊन हजर! “सुप्रभाताई, ती बातमी छापणारी पत्रकार उद्या तुमच्याकडे येतेय. फक्त बोरन्हाण समजावून सांगा. तेवढं खोटं ठरलं की त्यांचं सगळंच खोटं ठरेल.”

ते गेल्यावर मी म्हटलं, “बरोबर बोलले. सांग आणि मोकळी हो.”

“आणि इन्सुलिनचं?”

आदल्या वर्षी परिवाराच्या दीदींनी तिला सांगितलं होतं, श्रद्धा आहे ना, मग सुई कशाला? या शहाणीनं ऐकलं. नवव्या दिवशी किचनमध्ये कोसळली. नशीब, रविवार होता, मुलं नव्हती. अ‍ॅम्ब्युलन्स मी बोलावली, आणि हे आमच्या दोघींतच राहिलं.

“वेडी आहेस का? ते कळलं तर तुझ्या हाती मुलं कोण देईल? रजिस्ट्रेशन जाईल!”

“जाऊ दे. ज्ञानेश्वररावांच्या मीनाक्षीवहिनींनी सोमवारपासून सुई बंद केलीय.”

दुसऱ्या दिवशी हेलन नावाची पत्रकार आली. सुप्रभानं तिच्या हातावर हलवा ठेवला. “हे बोरन्हाणाचं. मुलांचं कौतुक असतं ते. तुम्ही खोटं छापलंत, दुरुस्त करा. आता खरं काय घडलं ते लिहून घ्या.” आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या मूर्खपणासकट.

हेलन म्हणाली, हवं तर नाव छापत नाही.

“छापा. निनावी बाईचं कोण ऐकतं?”

छापून आलं. दुरुस्ती बोटभर, बाकीचं पानभर. रजिस्ट्रेशन चार महिने स्थगित झालं. परिवारातल्या बायका बसस्टॉपवर तिच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. ही मुद्दाम मोठ्यानं “नमस्कार!” म्हणायची. मला संताप यायचा, तिला हसू.

छापून आल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे चहा घेत होते. बेल वाजली. दारात मीनाक्षीवहिनी, हातात फार्मसीची पिशवी.

“तुमच्या फ्रिजमध्ये ठेवाल का? घरी चालणार नाही. मी सकाळ-संध्याकाळ येऊन घेत जाईन.”

सुप्रभानं फ्रिज उघडला, आपला इन्सुलिनचा डबा बाजूला सरकवला आणि त्यांच्यासाठी जागा केली.