दाताने तोडलेला धागा

मस्कतला जाणार म्हटल्यावर नागपुरात जो तो मला उन्हाची भीती घालत होता. आता सक्करदऱ्याच्या बाईला उन्हाची काय भीती घालायची? अकरा वर्षं मी एप्रिलच्या दुपारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून शाळेतून स्कूटीवर घरी आले आहे. प्रत्यक्षात तिथे मला घाम फुटला तो एसीच्या गारठ्यात, आणि तोही एका स्वेटरच्या बाहीमुळे.

मी मूळची भित्री नव्हे. नागपूरच्या शाळेत माझा आवाज खालच्या मजल्यावरून वरचा वर्ग गप्प करायचा. पहिली-दुसरीची पोरं माझ्याकडे. त्यांचं नाक पुसणं, सुटलेली वेणी घालून देणं, तुटलेलं बटण तिथल्या तिथे टाचणं आणि फारच मस्ती केली तर कान धरणं, हे सगळं शिकवण्यातच मोडायचं. ती कायमची नोकरी सोडून मी छत्तिसाव्या वर्षी, एकटी, मस्कतच्या आंतरराष्ट्रीय शाळेत आले होते. माझ्या जागेवर दुसरी बाई रुजू झाल्याचं मैत्रिणीने मी विमानतळावर असतानाच कळवलं, म्हणजे परतीचं दार बंद. इकडे पहिले तीन महिने परीक्षेचे होते. शाळेला पटलं नाही तर नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मग मी बॅगा घेऊन आईबाबांच्या दारात.

हे एकदा डोक्यात बसलं आणि मला सगळ्याचीच भीती वाटायला लागली. फ्लॅटमधल्या काचेच्या शेगडीची, लिफ्टमध्ये हसून बोलणाऱ्या शेजारणीची, आणि सगळ्यात जास्त मेलची. नागपुरात हेडमास्तरांना काही सांगायचं असेल तर ते शिपायाला पाठवायचे, आणि शिपाई विषय काय आहे ते आधीच सांगून टाकायचा. इथे फोन टिंग वाजायचा आणि विषय कळायला तो उघडावाच लागायचा. पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवायच्या, याचाही मेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा ब्रह्मराक्षस मेलवर यायचा.

शाळा सुरू होण्याआधी एक दिवस आम्हा नव्या शिक्षकांना मुलांच्या सुरक्षिततेचे नियम समजावून दिले. मुलाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, वर्गाच्या दारातल्या काचेवर चित्र चिकटवून ती झाकायची नाही, असे बरेच. मी मान डोलावली आणि दाखवतील तिथे सही केली. खरं सांगायचं तर मला वाटलं, हे वाईट माणसांसाठी आहे. माझा काय संबंध?

इथे आमच्या घरचं थोडं सांगायला हवं. आम्ही विणकर. मी शाळकरी असेपर्यंत घरातल्या पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग होता. मग काम मिळेनासं झालं, माग उकलून ठेवला आणि बाबा कापडाच्या दुकानात नोकरीला लागले. पण माग चालू होता तेव्हा तुटलेला धागा सांधायचं काम माझं, कारण माझी बोटं बारीक. दोन टोकं धरायची, चिमटीत गाठ मारायची, ती ओढून बसवायची आणि उरलेली शेपटी दाताने तोडायची. कात्रीसाठी हात मोकळा नसतोच. बाबांचा नियम एकच होता, तुटका धागा दिसला की तो सांधल्याशिवाय पुढे जायचं नाही. आजही लग्नाच्या पंगतीत कुणाच्या शेल्याचा धागा लोंबताना दिसला तर ते उठून जातात आणि आई लाजेने दुसरीकडे पाहते.

शाळेचा तिसरा दिवस, मंगळवार. बाहेर ऊन रणरणत होतं आणि वर्गात सगळी सहा वर्षांची मुलं स्वेटर घालून बसलेली. मी गालिच्यावर बसून गोष्ट वाचत होते. पुढ्यातल्या मुलीच्या डाव्या बाहीचा लोकरीचा धागा सुटला होता आणि ती तो बोटाला गुंडाळत होती. ओढला असता तर मनगटापासून कोपरापर्यंत उसवली असती बाही. मी वाचता वाचता तिचा हात जवळ ओढला, गाठ मारली, वाकले आणि शेपटी दाताने तोडली. पान उलटायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. वर पाहिलं तेव्हा मुलगी ताठ बसली होती आणि दाराच्या काचेत मुख्याध्यापिकेचा चेहरा होता. चेहरा क्षणभर थांबला आणि निघून गेला.

दुपारी मेल आला. उद्या शाळा सुटल्यावर मला भेटा. बस, एवढंच.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

"काहून वं बाई, तोंड असं उतरलं काहून? जेवली का नाही?"

"जेवूनच राहिली ना बाबा," मी म्हटलं. पुढ्यात ताट नव्हतं.

मागून आई म्हणाली, "तिले म्हना, पटत नसन तं ये वापस."

"वापस कायले येते? आताच तं गेली," बाबा तिला म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "पोट्टे तरास देऊन राहिले का?"

"नाही बाबा. पोट्टे चांगले आहेत."

"मंग कोनाची भीती वाटते तुले?"

मी नेटवर्क जातंय असं सांगून फोन ठेवला. तुम्ही शिकवलेल्या गाठीची, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

बुधवारचा दिवस कसा गेला, मला आठवत नाही. बेरजा शिकवल्या असाव्यात. मी मुलांपासून इतकी लांब उभी होते की एकाने विचारलं, मिस, तुम्हाला सर्दी झाली आहे का?

मुख्याध्यापिका पांढऱ्या केसांची, अतिशय हळू बोलणारी बाई होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्यांची मला सवय होती.

"तुम्ही त्या मुलीच्या मनगटाशी तोंड नेलेलं मी पाहिलं," ती म्हणाली. "काय करत होता?"

माझं इंग्रजी ऐन वेळी पळालं. मी माझ्याच दुपट्ट्याच्या काठाचा एक धागा ओढून तोडला, गाठ मारून दाखवली आणि शेपटी दाताने तोडली. तोडल्यावर कळलं की जे करू नको म्हणून बोलावलंय, तेच मी तिच्या समोर बसून केलं आहे. "माझे वडील विणकर आहेत," मी म्हटलं. ती हसली नाही. तिने ते लिहून घेतलं, आणि मला त्याचीही भीती वाटली.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," ती म्हणाली. "पण तुमच्या जागी वाईट हेतूचं माणूस असतं, तरी काचेतून मला हेच दिसलं असतं. आणि त्या मुलीला नको म्हणायचं असतं, तर ती कधी म्हणणार होती?"

फाइलमध्ये नोंद होईल, मुलीच्या आईला कळवलं जाईल, आणि पुन्हा असं झालं तर तीन महिने संपायची वाट पाहिली जाणार नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. आधी राग आला. मग नागपूरची एक मुलगी आठवली, मी वेणी घालायला घेतली की खांदे आक्रसून घेणारी. मी तिला म्हणायचे, हलू नको. दोन वर्षं म्हणत होते. फाइलमधल्या नोंदीपेक्षा हे आठवणं मला जास्त घाबरवून गेलं.

शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत मी सामान नीट लावलंच नाही. बॅगा उघड्याच राहू दिल्या.

रविवारी शाळा भरल्यावर ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि तिने हात पुढे केला. डाव्या बाहीची गाठ जागेवर होती. उजव्या बाहीचा धागा मात्र वीतभर लोंबत होता, आणि तो तिने स्वतःच ओढला होता हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "मिस, इथे पण करा ना."

माझे दोन्ही हात पाठीमागे गेले. मी नाही म्हणणार होते. आईला सांग, असं म्हणणार होते. पण सुटलेला धागा समोर लोंबत होता आणि मी बाबांची मुलगी.

मी हस्तकलेच्या डब्यातून लोकरीचे दोन तुकडे काढले, एक माझ्या पुढ्यात ठेवला आणि एक तिच्या. मधे टेबल. "माझ्याकडे बघ आणि तसंच कर," म्हटलं. तिची गाठ चार वेळा सुटली. माझी बोटं तिच्याकडे जायला नुसती शिवशिवत होती, मी ती मांडीखाली दाबून बसले. पाचव्यांदा जमली. मग तिने स्वेटर काढला, टेबलावर पसरला, जीभ बाहेर काढून बाहीच्या धाग्याला जाड, ओबडधोबड गाठ मारली आणि ओढून पाहिली. गाठ टिकली. तिने बाही तोंडाशी नेली आणि शेपटी दाताने कचकन तोडली.

मी आधी दाराच्या काचेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. शाबास म्हणायचं मला त्यानंतर सुचलं.