म्हाळसाबाईच्या नावाची अर्धी शेड

"माय, दवाखान्यात एवढंच सांगायचं. घरी दारात बोट सापडलं." गाडी चालवता चालवता अजिनाथनं बजावलं.

म्हाळसाबाई मागच्या सीटवर होती. कामावरच्या द्वारकाबाईचं डोकं तिच्या मांडीवर, आणि द्वारकाबाईच्या हाताला गुंडाळलेला टॉवेल लालभडक.

"कुणाच्या दारात?"

"तिच्या घराच्या."

"तिच्या घराला दारच नाय. पडदा हाय."

अजिनाथनं पुढच्या रिक्षावर हॉर्न वाजवला.

चितेगावच्या त्यांच्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनत. नवरा असताना म्हाळसाबाईचा जन्म खुलताबादच्या डोंगरात मेंढरांमागं गेला. तो गेल्यावर तिनं कळप विकला आणि पोराला पहिलं मशीन घेऊन दिलं. धंदा वाढला, अठरा बाया कामाला आल्या आणि पोराची झोप उडाली. माणसं दहा झाली की कामगार विम्याचे हप्ते, वीस झाली की फॅक्टरीचं लायसन, विक्री ठरल्या रकमेच्या वर गेली की जीएसटी. "लहान राहिलं तर माफी, वाढलं की मार!" तो ताटावर बसून ओरडायचा. "मोठ्या कंपन्यांना सरकार जागा देतं, करात सूट देतं. आम्हाला काय? नोटीस!"

मग त्याच्या सल्लागारानं शेडच्या मधोमध भिंत घालायला लावली. नऊ बाया इकडं, नऊ तिकडं; कागदावर दोन कारखाने, दोन्ही दहाच्या आत. पलीकडचा अर्धा भाग म्हाळसाबाईच्या नावावर, बाहेर तिच्या नावाची पाटी. सही करताना तिनं विचारलं होतं, "हे कशाला?" "तू मालकीण झालीस माय, पेढे वाट," म्हणून तो हसला होता.

म्हाळसाबाईनं ते खरं धरलं. रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन ती आपल्या अर्ध्यात जाऊन बसायची. बाया रजा तिच्याकडं मागायच्या, भांडणं तिच्यापुढं आणायच्या. पुठ्ठा कापायचं पंचिंग मशीन तिच्याच बाजूला होतं. त्याच्यापुढची लोखंडी जाळी अजिनाथनं काढून ठेवली होती, जाळीनं काम हळू होतं म्हणून. "ती लाव आधी," ती म्हणत राहिली. "ऑर्डर निघू दे," तो म्हणत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टॉवेल सोडला. "कशानं झालं?"

"घरी, मॅडम. दारात..." द्वारकाबाई सांगू लागली.

"मशीनमंदी," म्हाळसाबाई म्हणाली. "माझ्या कारखान्यात."

अजिनाथनं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. "याड लागलं का? उद्या चौकशी आली तर भिंत दिसंल, सगळं उघडं पडंल! अन् कागदावर बाई तुझी हाय, माझी नाय. तुझ्यावर येईल!"

"येऊ दे."

"तुला कायदा कळतो का?"

"नाय कळत. तुला कळतो ना? मग आज तिचा विमा कुठंय? सरकारचा राग सरकारवर काढ की! जा, मोर्चा ने, मीबी येते. सरकारवर जोर चालत नाय म्हणून द्वारकीचं बोट घेतलंस व्हय रं?"

"मी घेतलं? मी?"

"मेंढरू लंगडलं तर तुझा बाप खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा. अन् तू जित्या बाईला खोटं बोलायला शिकवतो, ते बी रगत गळत असताना!"

बाकड्यावरची माणसं माना वळवून बघू लागली. आतून द्वारकाबाईचा रडका आवाज आला, "मावशी, नका ओ बोलू. काम जाईल माझं."

म्हाळसाबाई तरातरा आत गेली. "कोण काढतं तुला? मॅडम, लिवा. मालकाच्या जागी माझं नाव लिवा, सही करते. खर्चबी माझ्याकडं. बोट वाचंल ना?"

"टाके घालून बघू. सांगता येत नाही."

म्हाळसाबाईनं पेन घेतलं. सही करताना पेनानं कागद फाटला. बाहेर येऊन तिनं हात पुढं केला. "फोन दे अजिनाथ. अपेक्षाला लाव."

सुनेनं फोन उचलला. मागं मशीनचा धडधडाट चालूच होता. द्वारकाबाईच्या जागी दुसरीला बसवलं असणार.

"अपेक्षा, मशीन बंद कर. बाया घरी लाव, हजेरी पुरी धर."

"पण आत्या, उद्या गाडी भरायचीय. यांना विचारलं का?"

अजिनाथ जवळ आला. "माय, माझ्या बाजूला नुसतं चिकटवायचं काम हाय. पुठ्ठा कापला नाय तर माझ्या नऊ बाया बी बसतील."

"बसू दे. जाळी लागंपर्यंत, अन् अठरा जणींचा विमा होईपर्यंत, एक पुठ्ठा आत जायचा नाय." मग तिनं फोन तोंडाशी धरला. "त्याला काय विचारायचं? पाटी वाच. मालकीण बोलती हाय. बटन दाब!"

धडधडाट थांबला. अजिनाथ भिंतीला टेकून खाली बसला. म्हाळसाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती द्वारकाबाईचा दुसरा हात धरायला आत गेली.