डबल स्टँड

आज सकाळी वडलांची स्कूटर अंगणात डबल स्टँडवर घेतली, ऑइलची पट्टी बाहेर काढून फडक्याला पुसली, आणि त्या करपट वासासरशी बारा वर्षांपूर्वीचा एक रविवार समोर उभा राहिला.

अण्णा दर रविवारी आंघोळीआधी ऑइल बघायचे. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी पाहिजे, तिरकी असली की पट्टी खोटं सांगते, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पुसायला त्यांच्याच जुन्या बनियनचा तुकडा असायचा.

त्या रविवारी मी घनसावंगीहून माहेरी आले होते. बघते तर गाडी साइड स्टँडवर कललेली, आणि अण्णा पट्टी उन्हात धरून उभे.

"अण्णा, असं बराबर कळतं का? तुम्हीच सांगितलंय ना," मी म्हणाले.

"राहू दे माय. चालतंय एखाद्या बारी."

मी त्यांना बाजूला केलं, स्टँडवर पाय दिला आणि एका दमात गाडी वर घेतली. वर हसून म्हणालेही, "आता लई आळस करू राह्यले तुम्ही." तेही हसले आणि फडकं हातात तसंच धरून पायरीवर बसले.

दीड महिन्याने दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, यांच्या अंगातली ताकद कधीपासून कमी झाली?

आई म्हणाली, "कधी जाणवलंच न्हाई."

मी मान खाली घातली. त्या रविवारी स्कूटरमध्ये ऑइल किती होतं, ते मात्र मी आजही सांगू शकते. पट्टीवरच्या दोन खुणांच्या अगदी मधोमध.