मीनाची दुपार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — बहुतेक आपली ओळख नाही म्हणून.

अकोल्यात मी शाळा-कॉलेजातल्या मुलांचं आणि त्यांच्या आईबापांचं समुपदेशन करते. आईबाप खूप बोलतात, पोरं गप्प बसतात. कूलर घरघरत असतो, ओल्या वाळ्याचा वास येतो, दुपार कशी डोळ्यांवर उतरते... आणि मग मी माझी गोष्ट सांगते. बारावीच्या पेपरला म्हणून घरून निघाले आणि अमरावतीच्या वडाळी तलावावर जाऊन बसले. पाण्यात पाय सोडून, उन्हं कलेपर्यंत. घरी आल्यावर फक्त बहिणीला सांगितलं. तिनं कुणाला कळू दिलं नाही, नुसती माझ्याजवळ बसून राहिली. — एवढं ऐकलं की पोरं हळूहळू बोलायला लागतात.

छान आहे ना गोष्ट? फक्त ती माझी नाही.

तलावावर बसली होती मीना, माझी धाकटी बहीण. तिनं मला विश्वासानं सांगितलं. आणि मी? — ती हातपाय धुऊन येईपर्यंत मी बाबांना सांगून मोकळी झाले होते. घरातली शहाणी मुलगी मी, तो मान मला सोडवत नव्हता. बाबांनी तिचं शिक्षण बंद केलं आणि तिवशाला लग्न लावून दिलं. तिनं मला कधी जाब विचारला नाही.

मी मात्र तिची दुपार उचलली आणि इतक्यांदा सांगितली, की आता ती मला आठवते. खरंच आठवते — तळपायाला गार पाणी, बुळबुळीत दगड, लांब कुठेतरी कपडे आपटल्याचा आवाज. डोळे मिटले की तिथे मीच असते. मीना नसतेच. असं होतं का हो कुणाचं?

मागच्या उन्हाळ्यात मीना तिच्या लेकीला, श्रेयाला, माझ्याकडे घेऊन आली. श्रेया इथेच होस्टेलवर राहून नीटचा क्लास करायची. ऐन परीक्षेच्या दिवशी ती गेलीच नव्हती. का, ते सांगेना. खाली मान घालून बसली. आणि माझं तोंड सुरू झालं — सवयीनं, झोपेत बोलावं तसं. तलाव, पाणी, बहीण. अर्ध्यावर ध्यानात आलं, मीना समोर बसलीय. थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

श्रेयानं आईकडे पाहिलं. "खरंच का व, आई?"

मीना पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"हो ना," ती म्हणाली. "मीच बसलो होतो ताईजवळ. कोणालेच नाही सांगतलं म्या."

श्रेयाचा बांध फुटला. ती रडली, बोलली, क्लासचं, होस्टेलचं, भीतीचं सगळं बोलली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मावशी, तुलेच समजते. आईनं तं बारावीतच सोडून देल्लं, तिले काय समजणार हाये?"

मीना तिथेच होती, हातभर अंतरावर. मी श्रेयाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हो बेटा."